जुन्या गाडीचं जड स्टिअरिंग चालवून घेऊ नका

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

आमची 2006 ची मारुती 800 आहे, पॉवर स्टिअरिंग नसलेली, लालबागला चाळीच्या गल्लीत लावतो. गेल्या पावसाळ्यात हिंदमाता चौकात तुंबलेल्या पाण्यातून दोनदा काढली आणि दिवाळीपर्यंत स्टिअरिंग इतकं जड झालं की गल्लीत गाडी लावताना मिसेसला सीटवरून अर्धं उठून दोन्ही हातांनी चाक ओढायला लागायचं. तिचा खांदा धरला, फिजिओथेरपी सुरू झाली, आणि ज्याला सांगावं तो एकच म्हणायचा, जुनी गाडी आहे, पॉवर नाही, जड असणारच, काढून टाका आता. आम्हीपण ते खरं धरून बसलो, हीच गाडी घेतली तेव्हा चालत्या वेगात एका हाताने वळायची हे डोक्यातच आलं नाही.

मग एका संध्याकाळी भारतमाताच्या सिग्नलला तिने डावीकडे वळवली. वळण घेऊन हात सैल सोडले की स्टिअरिंग आपलं आपण सरळ यायला हवं ना, ते आलंच नाही, वळलेलं तसंच अडकून राहिलं आणि गाडी फुटपाथकडे निघाली. कडेला भाजीवाली बसलेली. ब्रेक दाबला तेव्हा गाडी तिच्या टोपलीपासून वीतभरावर थांबली. त्या बाईचा चेहरा मला अजून दिसतो.

त्याआधी आम्ही काही केलं नव्हतं असं नाही. एका गॅरेजवाल्याने स्टिअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे म्हणून रॅकचा (स्टिअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत नेणाऱ्या दात्यांच्या दांड्याचा) नट आवळून दिला होता, त्याने प्ले गेला पण चाक आणखी कडक झालं. दुसरा म्हणाला कुर्ल्याच्या भंगारातून इलेक्ट्रिक पॉवरचं किट आणून बसवतो, नव्या गाडीसारखं वाटेल. नशीब आम्ही ते केलं नाही, कारण आतलं गंजलेलं तसंच राहिलं असतं आणि वरून मोटर लावून ते फक्त लपलं असतं.

शेवटी शिवडीला एक वयस्कर मिस्त्री भेटले, आयुष्य फियाट टॅक्सीवर काढलेले. त्यांनी आधी पुढच्या टायरमधली हवा बघितली, पुस्तकात सांगितल्यापेक्षा आठ पॉइंट कमी. मग पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली आणि मला म्हणाले, बसा आत, आता फिरवा. चाकं हवेत असताना स्टिअरिंग हलकं लागलं तर दोष टायरमधल्या हवेचा, टायरचा किंवा अलाइनमेंटचा (चाकांच्या कोनांच्या जुळणीचा), आणि हवेतही जड लागलं तर रॅक, जॉइंट किंवा वरच्या बेअरिंगमध्ये काहीतरी अडकतंय. आमचं हवेतही करकर करत होतं. खाली बघितलं तर रॅकचा रबरी बूट, म्हणजे त्यावरचं आवरण, फाटलेला, आत पाणी आणि चिखल जाऊन ग्रीसची पेस्ट झालेली, आणि कॉलमच्या, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याच्या, खालचा जॉइंट गंजून एका बाजूला हलतच नव्हता. बूट आणि जॉइंट बदलला, रॅक साफ करून नवीन ग्रीस भरलं, आवळलेला नट बेताचा केला, मग अलाइनमेंट. त्या दिवसापासून वळणानंतर चाक आपोआप सरळ येतं आणि मिसेस पुन्हा गाडी चालवते.

तेव्हाच मिस्त्री म्हणाले की पॉवर नसलेल्या गाडीचं दुखणं थेट हाताला कळतं, म्हणून हात सांगतो ते ऐकायचं. मला हे फार पटलं. उभ्या गाडीत चाक फिरवलं की टायर एकाच जागी रस्त्यावर घासतो आणि ते सगळं घर्षण आपल्या हातावर येतं, तेवढं जड वाटणार, ते ठीक आहे. पद्मिनीवाले, म्हणजे जुन्या फियाटचे, टॅक्सीवाले म्हणूनच गाडी जराशी हलवून मगच चाक फिरवायचे, ऑक्टोबर 2023 मध्ये ती टॅक्सी रस्त्यावरून गेली आणि हे सांगणारेही कमी झाले, नवीन शिकणाऱ्यांना तर उभ्या गाडीत पूर्ण चाक वळवायची सवयच लागलेली असते. शोभेला म्हणून 145 चे टायर काढून रुंद टायर घालतात आणि त्यावर छोटं स्पोर्टी स्टिअरिंग लावतात, दोन्हीने जड होतं, छोट्या स्टिअरिंगला तेवढाच जोर पुरत नाही. पण गाडी चालत असताना जड लागतंय, किंवा गेल्या वर्षीपेक्षा जड झालंय, किंवा वळणानंतर सरळ येत नाही, हे वयाचं लक्षण नाही हो, तो बिघाड आहे.

आता मुद्द्याची विनंती. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी पाच वर्षांसाठी वाढवतात. आमची वाढवली तेव्हा चेसिस नंबर, लाईट, हॉर्न बघितला, गाडी थोडी पुढेमागे केली आणि झालं. पीयूसीत तर फक्त धूर बघतात. नूतनीकरणाच्या वेळी पुढची चाकं जॅकवर घेऊन स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघायला पाच मिनिटं लागतात, बूट फाटलाय का तेही तेव्हाच दिसतं. परिवहन खात्याने हे सक्तीचं करावं, आणि तोवर ज्यांच्याकडे पॉवर नसलेली मारुती, ओम्नी, झेन आहे त्यांनी पावसाळा संपल्या संपल्या गाडी एकदा जॅकवर घ्यावी.

आपला,
एक वाचक, लालबाग, मुंबई