कादंबऱ्या वाचून दाखवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

दृष्टी मंदावल्यापासून दुरावलेल्या कादंबऱ्या तुम्ही स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून माझ्यापर्यंत पोहोचवल्यात, त्याबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे. पाठवलेल्या चारही कादंबऱ्या ऐकून झाल्या आहेत आणि कशा वाटल्या ते सविस्तर कळवावे अशी तुमची इच्छा होती, म्हणून आभारांबरोबर माझी मतेही लिहिते.

सर्वांत खोलवर गेली ती भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत पांडुरंग सांगवीकर सारे काही स्वतःच सांगतो, आणि त्याच्या सांगण्यात तुसडेपणा, चेष्टा व हताशा इतकी मिसळलेली असते की वाचणाऱ्याने यांपैकी एकाच भावाला उठाव दिला तर उरलेले दोन्ही हरवतात. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूचा भाग तुम्ही आवाज न कापवता, पण घाईही न करता वाचलात. तिथे तुम्ही गहिवरला असतात तर कदाचित मी तुमच्याबरोबर रडले असते; तुम्ही गहिवरला नाहीत, म्हणून ते दुःख पांडुरंगाचेच राहिले आणि त्याच्याकडूनच माझ्याकडे आले. ही कादंबरी मला केवळ तरुणांच्या वैफल्याची वाटत नाही. तिच्या केंद्रस्थानी हा मृत्यू आहे आणि त्यानंतरचे सगळे तुटलेपण त्याच्या उजेडात पाहावे लागते, असे माझे ठाम मत झाले आहे.

शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’बद्दल मात्र आपले मतभेद राहतील. तुम्हाला कर्णाची निवेदने प्रिय आहेत. मला ती अलंकारांनी जड झालेली वाटली, कारण छापील पानावर एखादी उपमा नजरेआड करता येते, कानांना तशी सवलत नसते. परंतु सहा व्यक्तींनी आपापल्या तोंडून कथा सांगण्याची तिची रचना ऐकतानाच खऱ्या अर्थाने उलगडली, आणि कर्णाची पत्नी वृषाली हिचा भाग तर मी पुन्हा लावून ऐकला.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ निर्दोष आहे. तिच्याविषयी अधिक लिहिणे मला अनावश्यक वाटते.

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ सालची आहे, हे ऐकताना वारंवार आठवत होते. जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यूंचे भवितव्य पुढे काय होणार, हे लेखकाला ठाऊक नव्हते आणि आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे हेर्टा या ज्यू नायिकेच्या प्रत्येक आशेवर आपल्या माहितीची सावली पडते. तुम्हाला नायक चक्रधर निष्ठुर वाटला, मला तो भित्रा वाटला. तुमच्या वाचनात तुमचा निवाडा कुठेही उतरला नव्हता, म्हणूनच मला माझे वेगळे मत बनवता आले. संगणकाचा आवाजही तटस्थ असतो, पण वाक्य कुठे श्वास घेते हे त्याला कळत नाही. तुम्हाला ते कळते आणि तरीही तुम्ही पात्रांचा अभिनय करत नाही, हा संयम मला फार दुर्मीळ वाटतो.

यानंतर रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ वाचायला घेणार असाल, तर तिची मराठवाडी बोली जशी लिहिली आहे तशीच वाचावी, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एक श्रोती