सड्यावरचा एक दिवस

रत्नागिरी

प्रिय बंड्या,

तुझं पत्र परवा मिळालं. एका दिवसात गणपतीपुळे, जयगड, थिबा पॅलेस, टिळकांचं जन्मस्थान, पावस आणि जमलंच तर कशेळी! यादी वाचली आणि राहवेना, लगेच लिहायला बसलो. अरे, अशाने दिवसभर गाडीच्या खिडकीतूनच कोकण बघशील. काकू सोबत येणार, त्यांना हे झेपणारही नाही. एक दिवस माझ्या हवाली कर.

पहाटे निघून थेट कशेळीचा सडा, म्हणजे जांभ्या खडकाचं पठार, गाठू; तिथे कातळावर कोरलेली जुनी चित्रं, कातळशिल्पं, बघायची. वेळेचा आग्रह उगाच धरत नाही. गेल्या वर्षी एका मंडळींना भर दुपारी कातळशिल्पं दाखवायला नेलं होतं. सूर्य डोक्यावर, जांभा तापलेला, रेघा कुठे दिसेनात. "इथे तर नुसता खडक आहे," म्हणत ती माणसं परत फिरली. मला फार वाईट वाटलं, कारण चूक वेळेची होती आणि ती वेळ मीच ठरवली होती. कोवळं ऊन तिरपं पडलं की खोदलेल्या रेघेत सावली उतरते आणि पायाखालचा हत्ती एकदम उठून दिसतो. सुमारे 18 मीटर लांब आहे तो! त्याच्या पोटात पुन्हा कितीतरी लहानमोठे प्राणी कोरलेत. गुडघे टेकून खाचेतून बोट फिरव, कातळाची धार अजून हाताला लागते. चपला मात्र बाहेर काढायच्या आणि रेघांवर खडू अजिबात ओढायचा नाही.

लहानपणी आपण अशा सड्यांवर गुरांमागे हिंडलो, तेव्हा कोणी विचारलं की "पांडवांनी काढलंय" एवढंच ऐकायला मिळायचं. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे या मंडळींनी गावोगाव पायपीट करून ही चित्रं शोधली, नोंदवली. 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या चित्रांचा समावेश झाला. ही कोणी कोरली, कशासाठी, हे अजून उलगडलेलं नाही. पण काही ठिकाणी गेंडा आहे, पाणघोडाही आहे. आज कोकणात यातलं काय उरलंय सांग!

तिथून कनकादित्य. सूर्याचं देऊळ आपल्याकडे विरळाच. गलबतातून आलेली मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली, पुढे कनका नावाच्या बाईला दृष्टांत झाला, ही कथा तिथेच मंडपात बसून सांगेन. शिलाहार भोज राजाचा ताम्रपटही या देवस्थानाशी जोडलेला आहे. जेवण गावातल्याच एका घरी सांगून ठेवतो: तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढी. काकूंना तिथेच ओटीवर जरा आडवं होता येईल.

उन्हं कलली की देवाचे गोठणे या गावी. तिथल्या सड्यावर कोरलेल्या माणसाच्या आकृतीजवळ होकायंत्र धरलं की काटा उत्तर सोडून भलतीकडेच वळतो, खडकातच काहीतरी चुंबकीय आहे. तुझ्या मुलाच्या हातात होकायंत्र देऊन मी बाजूला उभा राहणार आहे. ते बघायला मी आत्तापासून अधीर झालोय.

थिबा पॅलेस दुसऱ्या दिवशी सकाळी पाहू, घराजवळच आहे. ब्रह्मदेशाचा राजा थिबा 1886 पासून मरेपर्यंत रत्नागिरीत कैदेत राहिला, 1916 साली इथेच गेला. त्या वाड्यात घाईने फिरू नये.

आदल्या रात्री मुक्कामालाच ये. टोप्या, पाण्याच्या बाटल्या आणि चटकन काढता येतील अशा चपला आण. किती जण येताय ते लगेच कळव, त्या घरी तांदळाचा अंदाज द्यायचा आहे.

काकूंना नमस्कार.

तुझाच,
दादू