गडहिंग्लजला नेटवर्क टाकायच्या आधी

कोल्हापूर

प्रिय भावा,

तुझा मेसेज वाचला आणि दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं व्हावं असं वाटेना, तुझ्या पैशाचा प्रश्न आहे, म्हणून निवांत बसून लिहितोय. गडहिंग्लजला घरोघरी इंटरनेट द्यायला स्वतःचं फायबर नेटवर्क टाकतोयस, ओएलटीचं (घराघरांच्या फायबर जिथं येऊन जुळतात त्या मशीनचं) कोटेशनपण आलंय, लई भारी वाटलं बघ. पण तुझ्या हिशोबात केबल, फायबर वाटून देणारे स्प्लिटर, घरात बसणारे ओएनयू बॉक्स, खांबाचं भाडं, पोरांचे पगार सगळं धरलंयस आणि आयपी ॲड्रेससाठी, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांसाठी, नुसतं एवढंच लिहिलंयस की "अपस्ट्रीमवाला देईल", म्हणजे ज्याच्याकडनं घाऊक इंटरनेट घेणार तो. ते वाचलं आणि म्हटलं आता सविस्तरच लिहावं. केबल तुटली तर तुटलेली दिसते, ओटीडीआर मीटर लावला की किती मीटरवर तुटलीय तेपण कळतं, पोरगं शिडी घेऊन जातं, तासाभरात स्प्लाइस मारून (फायबर जोडून) येतं. धंदा दमवतो तो न दिसणाऱ्या गोष्टींनी, आणि त्यात पहिला नंबर या पत्त्यांचा.

अपस्ट्रीमवाला देईल हे खरंय, पण ते पत्ते त्याचे राहतात. उद्या त्यानं रेट वाढवला किंवा सर्व्हिस ढिली पडली आणि तू दुसरा बघायला गेलास की पत्ते मागं राहणार, मग पतसंस्था, दवाखाने, सीसीटीव्हीवाले दुकानदार, ज्यांना ज्यांना स्टॅटिक, म्हणजे कायमचा ठरलेला पत्ता दिलाय त्या प्रत्येकाकडं जाऊन सेटिंग बदलत बसायचं. म्हणून स्वतःचा एएस नंबर, म्हणजे इंटरनेटवर तुझ्या नेटवर्कची ओळख, आणि पत्त्यांचा स्वतःचा ब्लॉक आधी घे. आपल्या देशात ते आयआरआयएनएन या नोंदणी संस्थेकडून मिळतं, जी निक्सी चालवते. पण मिळणार किती ते ऐक. आयपीव्ही ४ या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचे जगाच्या साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून झाले, आपल्या आशिया-पॅसिफिक भागात त्याच वर्षी एप्रिलपासून रेशनिंग आलं, आधी नव्या माणसाला जास्तीत जास्त १०२४ मिळायचे, २०१९ पासून ५१२. बास. तू हजारो घरांचं स्वप्न बघतोयस आणि हातात ५१२.

मग सगळे करतात तेच तू करणार, सीजीनॅट. आतल्या गिऱ्हाइकांना १००.६४ पासूनचे शेअर्ड, नेटवर्काच्या आतच चालणारे पत्ते द्यायचे आणि बाहेर एका पब्लिक आयपीमागं बरेच जण बसवायचे. एका आयपीला पोर्ट, म्हणजे एकेका कनेक्शनचे दरवाजे, ६५,५३६, त्यातले पहिले १०२४ सोडले आणि घरामागं १००० धरले तर एका आयपीवर साधारण ६४ घरं बसतात. कागदावर हिशोब झकास बसतो. पण त्या ६४ मधल्या एकाच्या पीसीत व्हायरस शिरला आणि तो स्पॅम सोडायला लागला की आयपी ब्लॅकलिस्टला जातो आणि उरलेल्या ६३ घरांना प्रत्येक साइटवर "तुम्ही रोबोट नाही ना" म्हणून चित्रं निवडायला लागतात. गेम खेळणारी पोरं फोन करतात, नॅट टाइप स्ट्रिक्ट दाखवतंय, म्हणजे दुसऱ्या खेळाडूंशी नीट जोडलं जात नाही. सीसीटीव्हीचा डीव्हीआर बाहेरून बघता येत नाही म्हणून सराफ फोन करतो. यातल्या कुणाचीच चूक नसते आणि प्रत्येकाला समजावून सांगण्यात दिवस जातो.

याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे, आणि ही मी तुला कळकळीनं सांगतोय. एके दिवशी तपासाचं पत्र येतं, अमुक आयपी, अमुक तारीख, अमुक वेळ, हा माणूस कोण ते कळवा. पोर्ट नंबर दिलेला नसतो. म्हणजे वाड्यात साठ बिऱ्हाडं आणि पाकिटावर नुसतं वाड्याचं नाव. त्यात ती वेळ बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवरनं उचललेली, म्हणजे बहुतेक यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), आणि आपली घड्याळं साडेपाच तास पुढं. पत्रात "रात्री ९.१०" लिहिलेलं असतं पण ते आपल्याकडचं पहाटे २.४० असू शकतं, आणि त्या वेळी ते पोर्ट दुसऱ्याच घराकडं असतं. घाईनं नाव कळवलं तर एखाद्या निरपराध घराच्या दारात पोलीस उभे राहतील. माझ्याकडं असं पत्र आलं की मी आधी उलट लिहून विचारतो, वेळ कुठल्या झोनची आणि सोर्स पोर्ट कुठलं, ते आल्याशिवाय नाव देत नाही. यात वेळ जातो, कधी समोरच्याचा आवाज चढतो, चढू दे. तू पण हेच कर.

लॉगचं, म्हणजे कुठला पत्ता नि पोर्ट कधी कुणाकडं होता त्या नोंदींचं, पण आत्ताच ठरवून टाक. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशात १८० दिवसांचे लॉग देशात ठेवायला सांगितलेत आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या टाइम सर्व्हरशी जुळलेली पाहिजेत, आणि लायसन्सच्या अटीत तर डिसेंबर २०२१ पासून २ वर्षांची नोंद आलीय. प्रत्येक कनेक्शनची एक ओळ लिहीत बसलास तर डिस्कच पुरणार नाही. त्यापेक्षा गिऱ्हाइकाला पोर्टचा ठरलेला गठ्ठा दे, मग गठ्ठा दिला-घेतला एवढीच नोंद होते, लॉग एकदम कमी होतो आणि शोधायला पण सोपं.

या सगळ्यावर उपाय एकच आहे आणि तो तुला पहिल्या दिवसापासून करता येईल, आम्हाला चालत्या गाडीत करायला लागला. आयपीव्ही ६, म्हणजे नव्या पद्धतीचे भरपूर पत्ते. स्लॅश ३२ चा (स्लॅशपुढचा आकडा लहान तेवढा गठ्ठा मोठा) एक ब्लॉक घेतलास आणि घराला स्लॅश ५६ दिलास तर १ कोटी ६७ लाख घरं बसतात, गडहिंग्लज, आजरा, चंदगड सगळं धरून वर कितीतरी उरतं. यूट्यूब, फेसबुक, नेटफ्लिक्स सगळे त्यावर चालतात, म्हणजे तुझा जड ट्रॅफिक सीजीनॅटला हातच लावत नाही, बॉक्स लहान लागतो, पोर्ट मोकळे राहतात. लोक म्हणतील कोण वापरतंय, तर भारतात निम्म्याहून जास्त युजर आज त्यावर आहेत, मोबाइलवाल्यांमुळं. फक्त ओएनयू घेताना जपून. बॉक्सवर सपोर्ट लिहिलेलं असतं पण फर्मवेअर प्रीफिक्स, म्हणजे दिलेला पत्त्यांचा गठ्ठा, घेतच नाही, किंवा लाइट जाऊन आली की विसरतं. सॅम्पल आण, आठवडाभर मुद्दाम लाइट पाडून बघ, मगच शेकड्यानं ऑर्डर दे.

आता एमटीयूचं, म्हणजे डेटाच्या एका पॅकेटच्या जास्तीत जास्त आकाराचं, सांगतो, हे कुठल्या कोटेशनमध्ये नसतं. शाहूपुरीतल्या एका व्यापाऱ्याचा फोन, सगळं चालतंय, एकच साइट अर्धी उघडून लटकते, आणि मोबाइल डेटावर तीच साइट फटक्यात उघडते, म्हणजे दोष तुमचाच. स्पीड टेस्ट फुल्ल, पॉवर लेव्हल मस्त. मग येणारी-जाणारी पॅकेट पकडून बघायला कॅप्चर लावून बसलो तर छोटी पॅकेट येताहेत आणि मोठी येतच नाहीत. इथरनेटवर १५०० बाइट जातात, पीपीपीओई (गिऱ्हाइकाला लॉगिन करून जोडायची पद्धत) त्यातले ८ खातं, राहिले १४९२. मोठं पॅकेट अडलं की "लहान पाठव" असा आयसीएमपी निरोप मागं जायला हवा, पण त्या साइटच्या फायरवॉलवर सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपीच बंद. निरोप पोचत नाही, सर्व्हर तेच मोठं पॅकेट परत परत पाठवत राहतो आणि गिऱ्हाईक गोल फिरणारं चक्र बघत बसतं. राउटरवर एमएसएस, म्हणजे पॅकेटमधल्या नुसत्या डेटाचा आकार, आयपीव्ही ४ ला १४५२ आणि ६ ला १४३२ वर क्लॅम्प करून (अडवून) ठेव. आणि तुझ्या स्वतःच्या नेटवर्कात आयसीएमपी सरसकट कधीच बंद करू नको, कोणी कितीही मोठा कन्सल्टंट सांगू दे.

दोन अपस्ट्रीम घेणार म्हणतोयस, चांगलंय, पण दोन बिलं म्हणजे दोन रस्ते नव्हेत. आम्ही दोन वेगळ्या कंपन्यांची लाइन घेतलेली, एकदा जेसीबीनं एक चर उकरला आणि दोन्ही एकदम गेल्या, कारण पुढं जाऊन दोघांची फायबर जमिनीखालच्या एकाच डक्टमध्ये (पाइपात) होती. आणि आपल्याकडं पावसाळा वेगळाच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटावर इशारा, ४३ ला धोका, आणि २०१९ ला नि २०२१ ला तर शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली, मग तुमचा माणूस स्प्लाइसिंग मशीन घेऊन जाणार कुठनं? म्हणून सही करायच्या आधी दोघांकडनं रूटचा नकाशा माग, एकावर एक ठेवून बघ. एक उत्तरेकडनं आणि दुसरा बेळगावकडनं येत असेल तर पैसे दे.

बीजीपीचं, म्हणजे नेटवर्कं एकमेकांना रस्ते (रूट) सांगतात त्या पद्धतीचं, थोडक्यात. तुझ्या ब्लॉकचे आरओए, म्हणजे हे पत्ते तुझ्याच एएस नंबरचे असं सांगणाऱ्या सही केलेल्या नोंदी, पहिल्याच दिवशी बनव आणि बाहेर फक्त स्वतःचेच रूट जातील असा फिल्टर लाव. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तानातल्या कंपनीनं यूट्यूब आपल्या देशापुरतं बंद करायला त्याच्या पत्त्यांचा एक छोटा रूट टाकला, तो बाहेर सुटला, त्यांच्या अपस्ट्रीमवाल्यानं तपासला नाही आणि जगभरात यूट्यूब दोनेक तास गायब. म्हणून छोट्या माणसाचा फिल्टरसुद्धा महत्त्वाचा. आणि कोर राउटरला बाजूनं एक सिमवाला मोडेम ठेव, मेन लाइन पडल्यावर आत शिरायला.

बॅटरी, इन्व्हर्टर, खांबाची परवानगी, त्यातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तर ओएलटीची ऑर्डर आठ दिवस थांबव. एएस नंबरचा अर्ज आधी टाक, कागदपत्रं कंपनीच्या नावावर लागतील, तुझ्या स्वतःच्या नाही. दोन्ही अपस्ट्रीमला मेल कर की आयपीव्ही ६ चं बीजीपी सेशन देणार का आणि रूट मॅप देणार का, तोंडी हो चालणार नाही, मेलवरच घे. मॅप आले की मला पाठव, आणि येत्या रविवारी सॅम्पल ओएनयू घेऊन राजारामपुरीत ऑफिसला ये, टेस्टला इथं जोडून बघू. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच