पिंप फोडण्याआधी नमुना घ्या : केनियाच्या गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय गृहमंत्री, केनिया प्रजासत्ताक
हरांबे हाउस, नैरोबी

मंत्रिमहोदय,
स.न.वि.वि.

हे पत्र इंग्रजीतून तुमच्या कार्यालयाकडे पाठवलं आहे. मराठीत पुन्हा लिहिते आहे ते माझ्या माणसांसाठी. जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. पुढच्याच महिन्यात तुमच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशावरून मध्य केनियात दारूचे अड्डे फोडले जात होते. हे दुखणं आम्हाला परकं नाही.

नैरोबीत माथारे या गरीब वस्तीच्या नदीकाठी मी चांगाआवर संशोधन केलं. चांगाआ म्हणजे आमची हातभट्टीच. मक्याचं, नाचणीचं किंवा साखर-काकवीचं रसायन आंबवायचं, लोखंडी पिंपात उकळायचं, वाफ नळीतून नेऊन नदीच्या पाण्यावर गार करायची. धूर डोळ्यांत जातो, पायाखाली काळा चिखल असतो, आणि आग सांभाळणारी बहुतेक वेळा बाई असते. विकणारीला लोक 'मामा पिमा' म्हणतात. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, 'पिमा' म्हणजे मोज. मापाने दारू देणारी बाई. रक्त तपासायचं असलं तरी हाच शब्द वापरतात, पिमा. तुमच्या भाषेत मोजणं आणि तपासणं एकच आहे, आणि माझं सगळं मागणं त्या एका शब्दात मावतं.

मोजायला गेल्यावर काय होतं ते सांगते. आमच्या प्रश्नावलीत प्रश्न होता : आठवड्यात किती पिता? माणसं सांगत, चार कप, सहा कप. कप म्हणजे केवढा? वनस्पती तुपाचा रिकामा डबा, ज्याला तिथे कासुकू म्हणतात, कुणाकडे छोटा तर कुणाकडे मोठा. शेवटी मी मोजपात्र घेऊन बसले आणि प्रत्येकाचा कप पाण्याने भरून त्यात ओतायला लावला. तेव्हा कळलं की दोघांचे 'चार कप' सारखे नसतात. त्यात पहिल्या धारेची दारू कडक, शेवटची पाणचट. एकाच पिंपातल्या दोन बाटल्या एकसारख्या निघत नाहीत. जगात प्यायल्या जाणाऱ्या दारूपैकी साधारण पाव हिस्सा कुठल्याच सरकारी वहीत नोंदला जात नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सांगतो. तो पाव हिस्सा असा डब्याडब्याने मोजावा लागतो.

एका बाईने मला खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत नमुना दिला. लेसोच्या, म्हणजे अंगावर गुंडाळायच्या कापडाच्या, पदरात लपेटून आणला होता. तिने एकच विचारलं, "यावर माझं नाव लिहिणार का?" मी तिच्यासमोर फक्त आकडा लिहिला. तरीही ती पुढच्या खेपेला भेटली नाही. संशोधनाचा परवाना माझ्याकडे होता. तो मला वाचवतो, नमुना देणारीला नाही.

मंत्रिमहोदय, धान्य किंवा साखर आंबवून काढलेल्या दारूत मिथेनॉल, म्हणजे नजर आणि जीव घेणारं विषारी अल्कोहोल, असतं, पण इतकं थोडं की त्याने एका रात्रीत गावच्या गाव आंधळं होत नाही. एकदम पन्नास-शंभर माणसं मरतात तेव्हा बहुतेक वेळा कारखान्यासाठी आलेलं मिथेनॉल कुणीतरी स्वस्तात मिसळलेलं असतं. नोव्हेंबर २००० मध्ये नैरोबीतल्या मुकुरू वस्तीत 'कुमी कुमी' नावाची दारू पिऊन सव्वाशेहून जास्त लोक गेले. कुमी म्हणजे दहा. दहा शिलिंगला ग्लास. फेब्रुवारी २०२४ मध्ये मध्य केनियातल्या किरिन्यागात सतरा जण गेले, आणि ती दारू पोलीस ठाण्यात पुरावा म्हणून ठेवलेल्या जप्त मालातून बाहेर पडल्याचं तेव्हा पुढे आलं. हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ सुन्न होते. जप्त केलेला माल ताबडतोब तपासून, नोंदवून नष्ट झाला असता तर ती माणसं जिवंत असती.

दारूची बाजू मी घेत नाही. आमच्या महाराष्ट्रात बायका रांगेत उभ्या राहून आडव्या बाटलीला मत देतात आणि गावातलं दुकान बंद करतात. मी त्या बायकांच्या बाजूची आहे. पण तुमच्याकडे १९८० साली चांगाआवर बंदी आली आणि ती तीस वर्षं टिकली. त्या काळात चांगाआ थांबली नाही. २०१०च्या कायद्याने ती कायदेशीर केली, पण परवाना, काचेची बाटली, छापील इशारा या अटी नदीकाठच्या बाईला झेपणाऱ्या नाहीत. म्हणजे ती होती तिथेच राहिली, धाडीच्या भीतीत आणि हप्त्याच्या ओझ्याखाली. २००४ मध्ये पिंपातल्या स्वस्त बिअरला करसवलत मिळाली तेव्हा गिऱ्हाईक तिकडे वळलं होतं. २०१३ मध्ये कर बसला आणि ते परत आलं. गरीब माणूस खिशाकडे बघून पितो.

म्हणून विनंती आहे, धाड टाकाल तेव्हा पिंप फोडण्याआधी नमुना घ्या. प्रत्येक धाडीचा. तो सरकारी रसायनतज्ज्ञांच्या प्रयोगशाळेत जाऊ द्या आणि निकाल त्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, स्वाहिलीतून जाहीर करा. ज्या बाईच्या दारूत घातक प्रमाणात मिथेनॉल नाही आणि ज्या व्यापाऱ्याच्या ड्रममध्ये आहे, त्या दोघांवर एकच कलम लागू नये. मिथेनॉल आयातदाराकडून निघून कुठे जातं, याचा हिशेब लिटरवारी मागा. तो नदीकाठी मिळणार नाही, गोदामात मिळेल. स्वतःहून नमुना देणाऱ्यावर त्याच नमुन्यावरून खटला होणार नाही, असं लेखी द्या.

आणि दवाखाने. मिथेनॉल प्यायलेला माणूस पहिले बारा-चोवीस तास नुसता झिंगलेला दिसतो. मग डोळ्यांपुढे धुकं येतं. त्या वेळात उतारा आणि डायलिसिस मिळालं तर माणूस वाचतो, कधी कधी नजरही वाचते. सत्तेचाळीस काउंटींपैकी प्रत्येकीत एका तरी रुग्णालयात ही सोय रात्रीही चालू हवी.

त्या औषधाच्या बाटलीतल्या नमुन्यात घातक प्रमाणात मिथेनॉल नव्हतं. हे तिला सांगायला मी तीनदा माथारेला गेले. तिसऱ्या खेपेला शेजारणीने सांगितलं, पिंप फोडलं गेलं आणि ती गावी निघून गेली.

आपली,
एक मराठी संशोधक