आई, तो विषमज्वराचा जंतू नव्हे

पॅरिस

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं. बाकी आपण फोनवर बोलतोच.

आई, मी प्रयोगशाळेत साल्मोनेला नावाच्या जंतूवर काम करते; दादाने साल्मोनेला म्हणजे विषमज्वर असं सांगितलं आणि तुझी झोप उडाली. विषमज्वर होतो तो त्याच्या टायफी या प्रकाराने; तो आमच्याकडे नाहीच. आमचा टायफीम्युरियम, त्यातही एलटी2 हा प्रयोगशाळेत वाढून अशक्त झालेला वाण. हातमोजे असतात, काम संपलं की सगळं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे कोंडलेल्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात जातं. खरंच काळजी करू नकोस.

उलट तुझ्या पायांना मुंग्या येतात ना, त्याच बी-12वर माझं काम आहे. हे जीवनसत्त्व झाडं बनवत नाहीत, प्राणी बनवत नाहीत. तुझ्या गोळीतलंही जीवाणूंकडूनच करून घेतलेलं असतं. ते बनवायला सुमारे 30 जनुकं राबवावी लागतात. एवढा खर्च साल्मोनेला उगाच करत नाही. आतड्यात ऑक्सिजन नसताना काही साखरा आंबल्या की प्रोपेनडायॉल नावाचं रसायन तयार होतं. ते पचवणारं एन्झाइम बी-12शिवाय चालत नाही. म्हणून प्रोपेनडायॉलची चाहूल लागली की पॉकआर नावाचं एकच प्रथिन दोन्हीकडची जनुकं चालू करतं, पचवण्याचीही आणि बी-12 बनवण्याचीही. पाहुणे येणार हे कळल्यावरच तू पुरणाची डाळ शिजत घालतेस, तसंच. आणि पुरेसं झालं की बी-12 स्वतःच जनुकाच्या आरएनएला, म्हणजे जनुकावरून उतरवलेल्या नकलेला चिकटून काम थांबवतं. बाबा, इतक्या लहान जिवाला हे जमतं, याचं मला अजून नवल वाटतं.

जनुकं अशी चालू-बंद होतात हे 1961 साली जाकोब आणि मोनो या शास्त्रज्ञांनी जीवाणू दुधातली साखर कशी पचवतात त्यावरून मांडलं, ते इथल्याच पाश्चर इन्स्टिट्यूटच्या पोटमाळ्यावर काम करत. 1965 साली तिथलेच शास्त्रज्ञ ल्वॉफ यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. त्या रस्त्याने जाताना मला तुम्हा दोघांची फार आठवण येते.

इथली एक गोष्ट मात्र पचनी पडत नाही. ‘बगेत’ नावाचा लांबडा पाव लोक काखेत धरून नेतात. अर्ध्यालाच कागद गुंडाळलेला असतो. घरी पोचेपर्यंत टोक तोडून खाल्लेलं, आणि तोच पाव सगळ्यांसाठी टेबलावर! ताटलीत नव्हे, थेट टेबलावर, ताटलीच्या शेजारी. उष्टं वगैरे कुणाच्या मनातही येत नाही. पण पाव उलटा ठेवला की जुनी माणसं अस्वस्थ होऊन तो सुलटा करतात. उलटा पाव अशुभ म्हणे. मी माझ्यापुरती ताटली घेते, कुणी काही म्हणत नाही.

बाबा, मी पैसे पाठवले आहेत. आधी विहिरीच्या कर्जाचा हप्ता भरा, उरतील त्यातून मंडपवाल्याला ॲडव्हान्स द्या. माझं इथे भागतं, खरंच. आत्याने सुचवलेल्या स्थळाला मी नाही म्हणत नाही. फक्त माझा करार संपेपर्यंत इथेच राहावं लागेल, हे त्यांना आधीच स्पष्ट सांगा.

दादाच्या साखरपुड्याला येणं जमत नाही. राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण चालू आहे, मध्येच देश सोडला तर परत येताना अडचण होईल. दादा रागावला असेल. मुहूर्त 11चा म्हणजे इथे सकाळचे साडेसहा. मी हिरवी साडी नेसून तयार बसेन. त्याला म्हणावं, आधी मला फोन लाव, मग फोटोग्राफरकडे बघ.

तुमची,
धाकटी