पटियालाच्या डिप्लोमावर भागत नाही

संपादक महोदय,

ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांकडून बास्केटबॉल खेळणारी कित्येक मुलं-मुली शेवटच्या वर्षाला पोहोचली की पटियालाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतल्या कोचिंगच्या एक वर्षाच्या डिप्लोमाची चौकशी सुरू करतात. कोच व्हायला तो उत्तमच. पण कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक होऊन पुढे विद्यापीठाचा क्रीडा विभाग सांभाळायचा, तर एवढ्यावर भागत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांनुसार कॉलेजातल्या या संचालकपदाला शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी लागते, सोबत नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा किंवा पीएचडी. बीकॉमनंतर सवयीने एमकॉम केलं की वाट तिथेच अडते. शारीरिक शिक्षणातली पदवी, म्हणजे बीपीएड, दोन वर्षं; पदव्युत्तर एमपीएड दोन. दोन्हींना सीईटी ही प्रवेश परीक्षा आणि मैदानी चाचणी. संचालकपदाला धावण्याचीही अट आहे: तिशीपर्यंतच्या पुरुषाने १२ मिनिटांत १८०० मीटर, स्त्रीने ८ मिनिटांत १००० मीटर. अठ्ठावीस मीटरच्या कोर्टवर घाम गाळलेल्यांना त्याचं काय! अडतं ते कागदांपाशी. आंतरमहाविद्यालयीन किंवा आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळल्याचा पुरावा मागतात आणि प्रमाणपत्रावरचं नाव गुणपत्रिकेशी जुळत नाही. ही दुरुस्ती कॉलेजात असतानाच करून घ्यावी.

मग कोचिंग वाया जातं का? उलट, विद्यापीठाच्या संचालकपदासाठी पीएचडी आणि दहा वर्षांच्या अनुभवाबरोबर किमान दोन आठवड्यांची प्रशिक्षण शिबिरं भरवल्याचा, चांगले संघ घडवल्याचा पुरावा द्यावा लागतो. शिबिराच्या तारखा, हजेरीपट, निकाल यांवर प्राचार्यांची सही त्याच वर्षी घेतलेली बरी. दहा वर्षांनी कोण शोधून देणार?

अमेरिकेत व्हिक बुबस नॉर्थ कॅरोलिना स्टेटकडून खेळले, १९५९ ते १९६९ ड्यूक विद्यापीठाचे बास्केटबॉल कोच होते, संघाला तीनदा राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चारांत नेलं आणि पुढे त्याच विद्यापीठाचे उपाध्यक्ष झाले. तिथे नेट-सेट आड आली नाही, हे खरं. आपल्याकडेही महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ मध्ये क्रीडा संचालकाचं पद आहेच.

मुंबई विद्यापीठाने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या वेळीच ठाणे उपकेंद्रात द्वितीय वर्षाच्या खेळाडूंना तासभर बसवून ही माहिती द्यावी. तृतीय वर्षाच्या परीक्षेनंतर सांगेपर्यंत उशीर झालेला असतो.

– काही बास्केटबॉलप्रेमी वाचक, नेरुळ, नवी मुंबई