अण्णा, तुमच्या चार वह्यांबद्दल

तीर्थस्वरूप अण्णांस,
सा. नमस्कार.

आपल्या पोहण्याच्या क्लबातल्या पोरांच्या वेळा टिपलेल्या चारी वह्या वाचून झाल्या. खाकी कव्हरं घातलीत, रविवारी आणून देतो. त्याआधी हे पत्र. सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघडच लिहितोय. तुम्ही रागावणार, हे धरून चाललोय.

क्लबच्या स्मरणिकेसाठी इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं तेव्हा हातात कागदाचा चिटोरा नव्हता. २०१९च्या महापुरात आपली ट्रंक पाण्यात गेली. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची पातळी, आणि पंचगंगा ५५च्या वर. सर्टिफिकेटं, फोटो, सगळ्याचा लगदा. पोहणाऱ्यांचाच इतिहास बुडाला, असा विनोद मी दोघा-तिघांना ऐकवला. कुणी हसलं नाही. मग तुम्ही माळ्यावरनं खताच्या पिशवीत गुंडाळलेल्या वह्या काढल्यात. म्हणालात, "वाळवी लागलीया जरा, पण टायमिंग शाबूत हाय."

पहिल्या वहीत पोहण्याचा टँक नाहीच. पंचगंगेचा घाट, पाठीला डबा बांधलेली पोरं आणि गाठी मारलेला दोर. एका पानावर लिहिलंय : "दोर भिजून आखडला. अंतर कमी भरतंय. आजची वेळ धरू नये." मी तिथंच थांबलो. कुणी बघत नव्हतं, बक्षीस नव्हतं, आणि तुम्ही पोरांची चांगली आलेली वेळ स्वतःच्या हातानं खोडली होतीत.

पुढं अंबाई टँक येतो, आणि आकडे बदलतात. आधी सेकंदाचा दहावा भाग, मग डिजिटल घड्याळं आली तसा शंभरावा. एका लेनला तीन घड्याळं, तिन्ही वेळा एकाखाली एक, मधलीला गोल. तिन्ही वेगळ्या आल्या तर मधली धरायची, हा नियम मला पुस्तकानं नाही, तुमच्या त्या निळ्या गोलांनी शिकवला. बटरफ्लायला तुम्ही शेवटपर्यंत 'फुलपाखरू' लिहिलंत. समासात टीप : "खाशाबांनी हेलसिंकीत मेडल आणलं तवा हे ब्रेस्टस्ट्रोकमध्येच पवत." खरं आहे, तपासलं. १९५२ला हात वरून फेकणारे ब्रेस्टस्ट्रोकच्याच शर्यतीत उतरायचे. फुलपाखराची वेगळी शर्यत ऑलिम्पिकला आली ती १९५६ला, मेलबर्नमध्ये. कुस्तीच्या गावात पोहण्याचा इतिहाससुद्धा पैलवानाच्या सालावरनंच मोजायचा, हे मात्र खास आपलं. तालमीला वर्गणी मिळते, पेठेच्या फुटबॉलला तर मागायचीही गरज नाही. टँकवर मात्र पोरांच्या आया डबे घेऊन बसायच्या, तेवढेच प्रेक्षक.

नोव्हेंबर २०१०चं पान तेवढं वेगळं. वीरधवल खाडेचं ग्वांगझूचं ब्राँझ, ५० मीटर फुलपाखरू, २४.३१. खजानसिंगच्या सोल १९८६च्या रौप्यानंतर २४ वर्षांनी एशियाडला पोहण्यात मेडल. ते तुम्ही त्याच रकान्यात, त्याच शाईनं, आपल्या बारक्या पोरांच्या वेळांखाली लिहिलंय. शेरा : "आपल्या क्लबचा न्हवं. आपल्या गावचा." पुढच्या महिन्याची पानं नव्या नावांनी गच्च भरलीत, शेऱ्यांत नुसतं "पाण्याला भितो", "पाण्याला भिते".

आता माझं. पोरांना मी आजवर सांगत आलो की १०० मीटर बॅकस्ट्रोकला माझी वेळ १ मिनिट २२ होती. तिसऱ्या वहीत ती १:३१.६ निघाली. आठवा नंबर. म्हणजे शेवटचा. शेजारी : "वळताना भिंत चुकली. रडला. पुढच्या रविवारी आला." वही माझ्या मुलीच्याच हाती पहिली लागली, तेव्हा झाकायलाही जागा उरली नाही.

त्या दिवशीचं मला आठवतं. कुडकुडत तुमच्याशेजारी उभा राहून मी म्हणालो होतो, माझं नका लिहू. तुम्ही वर न बघता म्हणालात, "आरं, हरल्यालं तर आधी लिवायचं. जिकल्याला कप मिळतोय." म्हणूनच अण्णा, ट्रंकेतले कप-सर्टिफिकेटं गेली तरी क्लब कागदावर राहिला. जिंकणाऱ्यांची नावं कुठूनही जमली असती. आठव्या लेनमधली ती पोरं तुमच्याशिवाय कुणाकडेच नव्हती. त्यातले काही आज टँकवर नातवंडं घेऊन येतात. मी त्यांना त्यांच्या वेळा वाचून दाखवल्या. एक जण फोनवर बराच वेळ गप्पच होता, मग म्हणाला, "परत वाच."

स्मरणिकेत सगळ्या वेळा छापतोय. माझी १:३१.६ सुद्धा. खोडलेल्या वेळा खोडलेल्याच राहतील.

तुमचा,
आठव्या लेनवाला

ता. क. : चौथ्या वहीत घडी घातलेली एक यादी सापडली. ब्याडगी दोन किलो, संकेश्वरी एक, लसूण, सुकं खोबरं, आणि खाली काकूंच्या अक्षरात "विसरू नये". चटणीचं सामान त्या वर्षी घरी पोचलं का हो?